‘सगळंघे’मध्ये मी केलेला बदल

भिवंडीजवळ दापोड्यात एका घराच्या ओटीवर अनेक वर्षं माझा फोटो लावलेला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, शेजारी त्या घराचे मालक. फोटोत मी हसत नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, साधा माणूस आहे, सत्कारात अवघडलाय. खरं म्हणजे फोटो काढला त्या क्षणी मी घाबरलेला होतो. फोटो काढणारा ‘इकडे बघा’ म्हणाला, तेव्हा मी त्याच्या मागे, गोदामाच्या जिन्याकडे बघत होतो. तिकडून कोणी येऊन खरं सांगेल, अशी भीती वाटत होती. कोणी आलं नाही. सांगायचं होतं ते मलाच, आणि मी सांगितलं नाही. त्यामुळे माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीवर नसलेला दोष बसला आणि तसाच राहिला. तो काढण्यासाठी हे लिहितो आहे.

मी मूळचा एका कापड गिरणीच्या संगणक विभागातला. गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशी उलटली होती. कल्याणला एका क्लासमध्ये माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. भिवंडीच्या बाजूला भातशेतीच्या जागी गोदामांची छपरं दिसू लागली होती. अशाच एका गोदाम कंपनीत मला नोकरी लागली. कंपनीचे मालक, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो, आठवड्यातून एकदोनदा यायचे. जागा दापोड्यातल्या एका आगरी कुटुंबाची होती. रस्त्याला लागून एका ओळीत दहा गाळे, आणि पहिल्या गाळ्याच्या माळ्यावर पत्र्याची केबिन. तिथे दोन संगणक, एक प्रिंटर, मी, आणि ती.

ती भिवंडीचीच. कोकणी मुसलमान घरातली, वडिलांचे कापडाचे लूम होते. नुकतीच शिकून बाहेर पडली होती आणि माझ्यापेक्षा बरी प्रोग्रामर होती. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

आमच्या प्रोग्रामचं काम एवढंच, की आलेला माल कोणत्या गाळ्यात, कोणत्या थप्पीत ठेवायचा ते ठरवायचं आणि तशी चिठ्ठी छापायची. हमाल चिठ्ठीप्रमाणे माल लावायचे. सुताचे कोन, टायर, बिस्किटांची खोकी, आणि रंगाईच्या कारखान्यांना लागणारी रसायनं. प्रोग्रामच्या एकेका भागाला क्लास म्हणतात; त्यांची नावं आम्ही मराठीच ठेवली होती. ‘गाळा’ हा क्लास माझा. त्यात दोन मुख्य मेथड होत्या; मेथड म्हणजे एकेक काम करणारा तुकडा. ‘घे’ म्हणजे एक नग ठेवून घे. ‘सगळंघे’ म्हणजे अख्खी यादी ठेवून घे. ‘सगळंघे’ यादीतला एकेक नग उचलून ‘घे’कडे द्यायची. ‘घे’ फक्त जागा आहे का एवढं बघायची.

रसायनांना हे पुरेसं नव्हतं. रंगाईत ‘हायड्रो’ म्हणून एक पांढरी पूड वापरतात. लोखंडी ड्रममध्ये येते. तिला ओल लागली की ती आतल्या आत तापते, धूर सोडते, पेट घेते. दुसरं पेरॉक्साइड, प्लास्टिकच्या कॅनमध्ये. ही दोन एकमेकांजवळ ठेवायची नाहीत, आगीचा भडका उडतो. म्हणून तिने ‘रसायनगाळा’ लिहिला. तो माझ्या ‘गाळा’चा वारस. वारस क्लासला मूळ क्लासमधलं सगळं आयतं मिळतं आणि जे पटत नाही तेवढं तो आपल्या पद्धतीने करतो. तिने ‘घे’ आपल्या पद्धतीने केली. इथे आधी काय आहे? भिंत ओली आहे का? धोका असेल तर ती मेथड माल नाकारायची आणि दुसरा गाळा सुचवायची.

तिने ‘सगळंघे’ही वेगळी लिहिली होती आणि त्यातही तीच तपासणी घातली होती. मी तिचं काम वाचायला बसलो तेव्हा ते दिसलं.

“हे दोनदा कशाला?” मी म्हटलं.

“सर, असू द्या. पुढेमागे तुम्ही तुमची ‘सगळंघे’ बदलली तर?”

“माझी ‘सगळंघे’ तुझ्या ‘घे’लाच बोलावते. मूळ क्लास करतो ते काम वारसाने पुन्हा करायचं नसतं. कॉलेजात शिकवलं नाही?”

“शिकवलं. पण तुमचे बाप-क्लास फार मुके आहेत, सर. काय बदललं ते पोरांना सांगतच नाहीत.”

मी हसलो. ती हसली नाही. मी म्हटलं, काढ ते. तिने काढलं. काढताना म्हणाली, “मग एवढं करा. ‘सगळंघे’ला हात लावलात तर मला सांगा. माझं सगळं त्याच्यावर उभं आहे.”

“सांगेन ग बाई. पत्रिका छापून सांगेन.”

हे बोलणं झालं तेव्हा केबिनमध्ये तिसरं कोणी नव्हतं. पुढे मला त्याचाच आधार वाटला, आणि त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

जागा देताना त्या आगरी घराच्या मालकांनी शेठना एक अट तोंडी घातली होती. ती माझ्यासमोर घातली, म्हणून शब्द आठवतात. “ह्यो रस्त्याकडचा चौथा गाला. आमचे घरान लगीन निंगालं, का हलदीला ह्यो गाला आमचा. माल कुठं न्याचा तो तुमी बगा. मंग बोलाल, आमाला सांगितलं न्हाय.” शेठ हसून हो म्हणाले. गोदामाआधी तिथे त्यांचं खळं होतं, आणि घरातल्या सगळ्या हळदी त्या खळ्यावरच झाल्या होत्या. जमीन भाड्याने दिली तरी हळदीची जागा त्यांनी सोडली नव्हती.

आणि लग्न निघालं. मालकांची थोरली मुलगी. हळदीच्या दोन दिवस आधी चौथा गाळा रिकामा करून द्यायचा होता. तो रसायनांचा गाळा होता, कोरडा, हायड्रोने भरलेला. शिवाय बाकीचाही बराच माल इकडून तिकडे हलणार होता. ती त्या दिवसांत रजेवर होती. घरात आई आजारी होती.

एवढी मोठी यादी आमच्या प्रोग्रामने कधी पाहिली नव्हती. ‘सगळंघे’ एकेक नग उचलायची, प्रत्येकासाठी दहा ठिकाणी बघायची, मग पुढचा नग. पडद्यावर रेघ हलेना. खाली हमाल बसून राहिले. मुकादम जिना चढून वर आला आणि दारात टेकून म्हणाला, “साहब, आपका डब्बा सो गया क्या? बोलो तो उसको भी चाय पिलाता हूँ।” खालून हसण्याचा आवाज आला. शेठचा फोन येऊन गेला होता.

मी ‘सगळंघे’ उघडली. ‘घे’ला बोलावणारी ओळ काढली आणि यादी एकदम, थेट नोंदवली जाईल असं केलं. जागा पुरते का, एवढं एकदाच बघायचं. साधा, स्वच्छ बदल होता. चालवला, आणि चिठ्ठ्या भराभर बाहेर पडू लागल्या. मुकादमाला म्हटलं, “घे, उठला तुझा डबा.” मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

प्रोग्रामने कुठेही कुरकुर केली नाही. हेच त्यातलं भयानक. तिची ‘घे’ जागच्या जागी होती, बरोबर होती, एक अक्षर चुकलेलं नव्हतं. फक्त तिच्याकडे आता कोणी जात नव्हतं. दाराशी राखणदार उभा आणि आम्ही मागची भिंत पाडून माल आत घेतला, असं ते होतं. राखणदाराला कळायचा काही मार्गच नव्हता.

मला तिचं वाक्य आठवलं का? आठवलं. बदल करतानाच आठवलं. मी मनात म्हटलं, ती आली की सांगू.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्हाला जेवायचं आमंत्रण होतं. चौथ्या गाळ्याचं शटर फुलांनी सजवलं होतं. आत बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळं गाव. मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या चुली, आणि पाचव्या गाळ्याच्या भिंतीला लागून पाण्याची पिंपं. तिथेच भांडी घासणं चाललं होतं. मालकांनी माझा हात धरून मला सगळं दाखवलं. “सायेब, लाजू नका. सगलं घर तुमचं हाय.” मग म्हणाले, पंगतीला फळ्या कमी पडल्या म्हणून पोरांनी बाजूच्या गाळ्यातून काढल्या, शेठना सांगू नका.

बाजूचा गाळा म्हणजे पाचवा. शटर अर्धं वर होतं. मी सहज वाकून आत पाहिलं.

डाव्या हाताला पेरॉक्साइडचे कॅन होते. ते तिथे नेहमीच असायचे. त्यांना लागून, चौथ्या गाळ्याच्या भिंतीपर्यंत, हायड्रोचे ड्रम एकावर एक लावलेले होते. पोरांनी ड्रम हलवून बुडाखालच्या फळ्या काढल्यामुळे खालची रांग थेट जमिनीवर आली होती. भिंत एका विटेची, आणि तळाशी फट. त्या फटीतून भांड्यांचं पाणी आत येत होतं. साबणाचा फेस ड्रमांच्या बुडाशी फिरत होता.

मला त्या क्षणी सगळं कळलं. कोणती ओळ, कोणत्या मेथडमधली, कधी काढली, सगळं. भिंतीपलीकडे बायका हळदीची गाणी म्हणत होत्या.

योग्य काय होतं, तेही मला माहीत होतं. ओरडायचं. लोकांना बाहेर काढायचं. पण ओरडलो असतो तर लगेच कोणीतरी विचारलं असतं, हे इथे ठेवलं कोणी? म्हणून मी ओरडलो नाही. आचाऱ्यांना एवढंच म्हटलं, भांडी रस्त्याकडे न्या, इथे चिखल होतोय. आणि मुकादमाला बोलावून खोटं सांगितलं, की शेठचा फोन आलाय, हे ड्रम आत्ताच नवव्या गाळ्यात घ्यायचेत.

“अभी? खाना छोड़के?”

“आत्ता. आणि आवाज न करता.”

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता माणसं बोलावली. मी शटरपाशी उभा राहिलो. एकेक ड्रम बाहेर जाई, तसा मी बुडाकडे बघायचो. कोरडं. कोरडं. भिंतीपलीकडे कोणी हसलं की मी दचकत होतो. लहान मुलं पळत पळत शटरपर्यंत यायची, माझ्या पायांना धरून वळायची, पुन्हा पळायची. त्यांना हाकलावं तर कारण काय सांगू? मी त्यांच्याकडे बघून हसत होतो. ते हसू कसं दिसत असेल, याची आजही कल्पना करवत नाही.

खालच्या रांगेतला एक ड्रम एका हमालाने तिरका केला आणि झाकणाच्या कडेतून धूर आला. आधी बारीक. जळत्या काडेपेटीसारखा वास. हमाल खोकला, ड्रम त्याच्या हातून सुटला, झाकण उडालं आणि धूर त्याच्या तोंडावर आला. तो डोळे दाबत खाली बसला. आचाऱ्याच्या माणसाने धूर पाहिला आणि तो पाण्याची बादली घेऊन धावत आला.

तेव्हा मात्र मी ओरडलो. “पाणी नको! पाणी टाकू नको!” त्याला कळेना. धूर दिसतोय आणि हा माणूस पाणी नको म्हणतोय. मी बादलीला लोंबकळलो, आम्ही दोघं पडलो, पाणी रस्त्यावर गेलं. समोर बांधकामाच्या रेतीचा ढीग होता. मुकादमाच्या माणसांनी घमेली भरभरून रेती ओतली. धूर जाडसर झाला, मग कमी झाला, मग थांबला. पेरॉक्साइडचा सर्वांत जवळचा कॅन तिथून हातभर अंतरावर होता.

हमालाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डोळे वाचले. आवाज बसला तो बसलाच. पुढे तो त्याच्या मुलखाला निघून गेला. त्याला मी खरं सांगितलं नाही आणि आता तो कुठे आहे हे मला माहीत नाही. त्या बाजूचं माझं खातं तसंच उघडं राहणार.

मालक धावत आले. वास सगळीकडे पसरला होता. मुकादमाने त्यांना सांगितलं, “साहबने बचाया. साहब नहीं देखते तो सब जाता।” मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पायांना हात लावला. मी तो लावू दिला.

सगळे हळदीत असताना मी वर केबिनमध्ये गेलो आणि ‘सगळंघे’ पूर्वीसारखी केली. काढलेली ओळ परत घातली. जुन्या प्रती ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. नवी फाइल जुन्या फाइलवर टाकायची, एवढंच. त्यामुळे माझ्या बदलाचा मागमूस राहिला नाही. मी स्वतःला सांगितलं की धोका ताबडतोब दूर करणं माझं कर्तव्य होतं. ते खरंही होतं. पण मी घाई केली ती कर्तव्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. गोदामात काय झालं ते तिला रस्त्यातच कळलं होतं. ती तडक आपल्या संगणकापुढे बसली आणि हायड्रो पाचव्या गाळ्यात टाकून पाहू लागली. एकेक टाकला. नकार. यादी करून टाकली. नकार. मी माझ्या पडद्याकडे बघत होतो. मागून तिच्या बटणांचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

दुपारी शेठ आले. मुकादम दारात उभा होता. शेठनी विचारलं, रसायनांचा नियम कोणी लिहिला? तिने सांगितलं, मी. मग दाखव, म्हणाले. तिने दाखवलं. पडद्यावर नकार आला.

“आज नाही म्हणतोय. तेव्हा हो कसा म्हणाला?”

“मला कळत नाहीये, शेठ.”

“तू सकाळपासून काय करत होतीस इथे?”

“तपासत होते.”

“तपासत होतीस की नीट करत होतीस?”

ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. प्रोग्राम अडला की ती ज्या आवाजात विचारायची, त्याच आवाजात तिने विचारलं, “सर, तुम्ही ‘सगळंघे’ला हात लावला होता का?”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर मुकादम पान चघळायचा थांबला.

मी म्हटलं, “नाही.”

एवढाच शब्द. त्यानंतर मी आणखी वाईट केलं. म्हटलं, “नवीन आहे ती, शेठ. होतं असं. सांभाळून घ्या.” म्हणजे खोटं बोललो आणि वर मोठेपणाही घेतला.

भिवंडीत अशा वेळी चूक कोणाची, याआधी चूक कोणाच्या घरातल्या माणसाची, हे विचारलं जातं. हे मला ठाऊक होतं. गावाने दंगलींचे वाईट दिवस पाहिले आहेत आणि त्या दिवसांची आठवण दोन्हीकडे आहे. तिसऱ्या दिवशी गावातली दोन माणसं जिना चढून आली. ती बसली नाहीत. एकाने विचारलं, “हलदीचे बाजूला बारूद ठेवलान ती बाई कोन हाय?” दुसरा केबिनभर नजर फिरवत राहिला. ती समोरच बसली होती; त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “आज आलेली नाही.” ते गेले. तिने ऐकलं होतं. तिने घरी फोन केला. तिचे वडील स्कूटरवर आले आणि मागच्या जिन्याने तिला घेऊन गेले. जाताना त्यांनी मला सलाम केला. मी तिला वाचवलं असं त्यांना वाटलं असणार.

दोन्ही वेळा मीच वाचवणारा ठरलो. पुढच्या आठवड्यात शाल आणि नारळ आला.

ती परत कामावर आली नाही. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. मालकांच्या घरच्या प्रत्येक कार्यात मला पुढची खुर्ची असायची. मी जायचो. न जाणं जास्त धोक्याचं वाटायचं. कोणी विचारेल, का आले नाहीत? वर्षं गेली तशी आता कोण खोदून काढणार, असं वाटायला हवं होतं. उलट झालं. फोन वाजला की आधी दुसऱ्या कोणाला तरी उचलू द्यायचो. रस्त्यात बुरख्यातली बाई समोरून आली की मी दुसऱ्या बाजूला व्हायचो. कित्येकदा ती तिच्या वयाचीही नसायची.

यंदा मालकांकडे गेलो तेव्हा त्यांची थोरली मुलगी, म्हणजे तेव्हाची नवरी, माहेरी आलेली होती. तिची मुलगी आता संगणकाचं शिकते. नातीला माझ्या पाया पडायला लावून आई म्हणाली, “हे आजोबा नसते तर तू जन्मालाच आली नसतीस. आणि नीट लक्ष देऊन शिक. नाहीतर त्या बाईसारखं करून ठेवशील.”

नातीने विचारलं, “कोणती बाई?”

“होती एक. तिच्यामुळेच सगळं झालं होतं.”

माझ्या हातात सरबताचा पेला होता. तो मी खाली ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते सगळे तिला विसरले असतील. ते विसरले नव्हते. त्या घरात ती मुलांना शिकवण्याची गोष्ट झाली होती, आणि आता ही मुलगी ती पुढे कोणाला तरी सांगणार होती.

माझ्यासोबत काम करणाऱ्या त्या मुलीचा धाकटा भाऊ जवळच्या वळ गावात ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, हे मला माहीत होतं. कितीदा त्याच्या ऑफिसवरून गेलो होतो. या वेळी आत गेलो. त्याने मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर उठून खुर्ची दिली. “आपा तुमचं नाव काढते, सर.” आपा म्हणजे ती, त्याची मोठी बहीण. मला परत फिरावंसं वाटलं. त्याने फोन लावून माझ्या हातात दिला आणि तो बाहेर चहा सांगायला गेला.

मी तिला सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मग ती म्हणाली, “थेट नोंदवलंत? ‘घे’ला बोलावलंच नाही?”

“नाही.”

“मी तो कोड पाठ केला होता, सर. घरी कागदावर लिहून काढायचे. कुठे चुकले ते शोधायचे. तुम्ही नाही म्हणालात ना, मग माझंच चुकलं असणार, असं धरून चालले. दुसऱ्या नोकरीला गेले तिथे स्वतःचं काम देण्याआधी दहादा तपासायचे. दिलेलं परत मागून घ्यायचे. शेवटी सोडलं. आता मुलांच्या शिकवण्या घेते.”

ती मला दोष देईल, म्हणेल की मला तेव्हाच माहीत होतं, या भीतीने मी वीस वर्षं घालवली होती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी माफी मागू लागलो. तिने अडवलं. “मला नका सांगू. मला आता कळलं. माझं नाव जिथे घेतात तिथे जाऊन सांगा.”

तिथून मी थेट दापोड्याला गेलो. त्या दिवशी गेलो नसतो तर पुन्हा गेलो नसतो. मालक ओटीवर बसले होते. मुलगी आणि नात आत टीव्हीपुढे. मी त्यांच्याजवळ बसलो आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

मालकांनी कानामागे हात धरला. “काय बोलतांव? जरा मोट्यानं बोला. मना आता आयकू येत न्हाय.”

मी थोडं मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली. “न्हाय कललं.”

आतला टीव्ही बंद झाला. मुलगी आणि नात दारात आल्या. शेजारच्या ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या बायका थांबल्या. मला ओरडावं लागलं. “हळदीला ड्रम बाजूला आले ते माझ्यामुळे! त्या मुलीची चूक नव्हती! मी प्रोग्राम बदलला, आणि विचारलं तेव्हा नाही म्हणालो!”

आता सगळ्यांनी ऐकलं. माझ्या मनात ती जिना चढून आलेली दोन माणसं होती. पण मालक एवढंच म्हणाले, “तिचं नाव काय व्हतं?”

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग भिंतीकडे बोट केलं. “त्यो फोटो तुमीच काढा. माजा हात पोचत न्हाय.”

मी स्टुलावर चढून काढला. नात स्टूल धरून उभी होती. नेमकं काय बदललं ते तिने विचारलं, मी सांगितलं. “म्हणजे आजोबा, तिने ओव्हरराइड केलेली, स्वतःची म्हणून लिहिलेली मेथड चुकवून गेलात?” मी हो म्हटलं. या वेळी ती पाया पडली नाही.

परतताना रिक्षा अंजूरफाट्याकडे लागल्यावर मी तिच्या भावाने दिलेल्या नंबरवर तिला फोन केला. फोटो मांडीवर पालथा ठेवला होता.

“सांगितलं,” मी म्हटलं. “ओरडून सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं.”

“बदल तुम्ही केलात, ते सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मला खोटं ठरवलंत ते?”

“तेही.”

“आणि मी दोन ठिकाणी तपासणी लिहिली होती, एक तुम्ही काढायला लावलीत, ते?”

ते राहिलं होतं. घाईत राहिलं असं मी म्हणू शकलो असतो. पण ओरडत असतानाही ते माझ्या मनात आलं होतं, आणि मी ते गिळलं होतं. कारण तेवढं एक सांगितलं की मला ‘घाईत चुकलं’ एवढंही म्हणता येत नव्हतं. तिला धोका आधीच दिसला होता, आणि मी तिच्याच हाताने तिची भिंत पाडून घेतली होती.

तिने फोन ठेवला नव्हता.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, “परत वळव.”

“काय विसरलाव काय, काका?”

“हो,” मी म्हटलं. “विसरलो नव्हतो. पण वळव.”